पॉयझन प्यावंच लागत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर इंग्रजीतल्या घोळ घालणाऱ्या शब्दांचं एक छोटं सदर येतं. माझी नात ते मोठ्यानं वाचते, मी बाजेवरून ऐकतो. मागे त्यात पॉयझन आणि व्हेनम ही जोडी आली होती. सदरकारांनी दोन्हींसमोर ‘विष’ एवढंच लिहून विषय आटोपला. त्यावर एका वाचकाचं खरमरीत पत्र आपण छापलंत. त्यांचं म्हणणं असं की, पॉयझन म्हणजे जे आपण खातो किंवा पितो. व्हेनम म्हणजे जे चावणारा प्राणी आपल्या अंगात सोडतो. आणि एवढा साधा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. पत्रलेखक बहुधा शिक्षक असावेत. त्यांचं व्हेनमबद्दलचं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पॉयझनबद्दलचं अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आमचा यवतमाळ जिल्हा येतो. म्हणून हे पत्र.

मी घाटंजी तालुक्यातला. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून नोकरी केली. हे लांबलचक पदनाम फक्त पगारपत्रकावर होतं. गावासाठी मी कंपाउंडर, तो निवृत्त होईस्तोवर कंपाउंडरच. आता घरच्या कोरडवाहू वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. इंग्रजी माझी लेबलं वाचण्यापुरती. पण लोखंडी कपाटाच्या एका खणात स्नेक व्हेनम अँटिसीरमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या लसीच्या कुप्या आणि दुसऱ्या खणात फवारणीच्या विषावर देतात त्या अॅट्रोपीनच्या अँप्युल, अशी माझी रचना असायची. रात्री अपरात्री बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, जे मिळेल त्यावर माणूस यायचा, आणि कोणता खण उघडायचा हे दारातल्या पहिल्या दोन-तीन वाक्यांवर ठरायचं. त्यामुळे हा शब्दभेद मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आधी व्हेनमचं सांगतो, कारण ते सरळ आहे. ते प्राण्याच्या अंगात तयार होतं आणि दुसऱ्याच्या अंगात घालायला त्या प्राण्याकडे हत्यार असतं. सापाचा दात, विंचवाची नांगी, गांधीलमाशीचा काटा. पॉयझनला हत्यार नसतं. ते पडून असतं. धोतऱ्याच्या फळात, पोरं शेंगदाण्यासारखी खातात त्या चंद्रज्योतीच्या बियांत, उंदीर मारायच्या औषधात, गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या फवारणीच्या डब्यात. म्हणून सापाला पॉयझनस म्हटलं की इंग्रजीचे जाणकार टोकतात, व्हेनमस म्हणा म्हणतात. मराठीत दोघंही ‘विषारी’च. (जपानात एक साप मात्र दोन्ही नावांना पात्र आहे. तो विषारी भेक खातो, त्यांचं विष स्वतःच्या मानेतल्या ग्रंथींत साठवतो, आणि चावतो तेव्हा दातातलं वेगळं विष सोडतो. असा तो इरसाल प्राणी.)

सापाचं विष मुख्यतः प्रथिनांचं असतं. धडधाकट पोटात गेलं तर ते अन्नासारखं पचून जाऊ शकतं. तोंडात, हिरडीत, पोटात कुठं जखम असली तर खेळ संपला. कुणी पैज लावू नये. दाताच्या वाटेनं गेलं की मात्र ते आपापलं काम करतं. नाग आणि मण्यार नसांवर जातात, पापण्या मिटायला लागतात, पुढे श्वास थांबतो. घोणस, जिला आमच्याकडे परड म्हणतात, आणि फुरसं हे रक्तावर जातात. या चौघांवर मिळून एकच लस आहे. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ साली सुरू झालेली. देशातल्या लसीसाठी लागणारं बरंचसं विष तिथून जातं. ते थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्धची शक्ती तयार होते, त्यातून ही लस. कुपीत ती पांढऱ्या वडीसारखी सुकलेली असते. १० मिलिलिटर पाणी घालून विरघळवायची असते आणि कुपी खळखळा हलवायची नसते, तळहातावर हळूहळू फिरवायची असते. जोरात हलवली की फेस येतो आणि औषध फेसात जातं. बाहेर पायरीवर नातेवाईक ‘लवकर करा ना जी’ म्हणत असताना हळूहळू कुपी फिरवत बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड.

त्याहून अवघड वीस मिनिटांची तपासणी. एका निंदायला गेलेल्या बाईचं सांगतो. पऱ्हाटीच्या तासात पायाला काहीतरी डसलं, तिला साप दिसला नाही. आली तेव्हा घोट्यापर्यंत पाय सुजलेला, जोडवी बोटांत रुतलेली. ती आधी कापून काढली. मग शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडला लावली. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकमध्ये रक्त गोठण्याचा अंदाज चुकतो. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. तिचा मुलगा एकदा नळीकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “काका, मायले सोडून हे नळी काय पायत बसले जी? सुई मारा ना.” वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरपी केली. चांगल्या माणसाचं रक्त एव्हाना दह्यासारखं धरून बसतं. तिचं नळीच्या कडेवरून पाण्यासारखं वाहिलं. घोणस ठरली, लस सुरू झाली, आणि १०८ बोलावून तिला यवतमाळला पाठवलं. ती बाई आजही बाजारात भेटते आणि जोडवी कापली म्हणून अजून माझ्यावर रागावते.

याच लसीबद्दल एक गोष्ट डॉक्टर सोडून फार थोड्यांना माहीत असते. चार वर्षांच्या पोराला सापानं चावलं तरी लस तेवढीच द्यायची, जेवढी पहिलवानाला. नातेवाईक म्हणायचे, लेकरू लहान आहे, अर्धं द्या. पण सापानं काही वजन बघून विष सोडलेलं नसतं. लस लेकराच्या अंगाच्या मापानं चालत नाही, सापानं सोडलेल्या विषाच्या मापानं चालते. पॉयझनचं याच्या उलट. तिथं किती गेलं, कुठून गेलं, माणूस किती किलोचा, सगळं बघून मात्रा ठरते आणि दर पाच मिनिटांनी बदलते. डॉक्टर बुबुळ बघतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, काखेत बोट घालून घाम वाळला का ते बघतात, वाळला नसला की पुन्हा अॅट्रोपीन. आणि हे अॅट्रोपीन धोतऱ्याच्या विषातलंच एक द्रव्य आहे, हे नातीला सांगितलं तर तिनं मला खोटारडा म्हटलं.

विंचवाचं तर आणखी तिसरंच. लाल विंचू चावल्यावर हृदयावर येतं, त्यावर प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे व्हेनम म्हटल्यावरसुद्धा कुणाचं हे विचारावंच लागतं.

आता पॉयझन. पत्रलेखकांनी ‘खातो किंवा पितो’ लिहिलं त्यात त्यांचा दोष नाही. शब्दाच्या पोटातच पिणं आहे. लॅटिनमधल्या ‘पिणे’ या अर्थाच्या शब्दावरून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. औषधाच्या घोटाला इंग्रजीत पोशन म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. औषध आणि विष एकाच पेल्यातून आलेले. आमच्याकडेही तसंच आहे. कृषी केंद्रात जाऊन कुणी ‘कीटकनाशक द्या’ म्हणत नाही, ‘बोंडअळीचं औषध द्या’ म्हणतो. आणि ‘अमक्यानं औषध घेतलं’ असं म्हटलं तर गावात कुणी कोणता आजार म्हणून विचारत नाही, लोक धावत सुटतात. पण पेल्यातून विष देण्याचे दिवस राजेरजवाड्यांबरोबर गेले. आता ते पाठीवरच्या पंपात असतं.

२०१७ चा हंगाम आठवा. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. गुलाबी बोंडअळीनं शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणले होते, त्यामुळे एकात एक दोन-तीन औषधं मिसळून मारणं चाललं होतं. हवेत दमटपणा, वरून ऊन. उंच झाडावर मारायचं म्हणजे नळी वर धरायची, आणि नव्या बॅटरीच्या पंपांतून धुक्यासारखे बारीक थेंब उडायचे ते परत तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक बसलं. मुंबई-दिल्लीची मंडळी कॅमेरे घेऊन आली. ही माणसं औषध प्यायलेली नव्हती. ते त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं.

कातडीतून कसं जातं हे ज्यांनी फवारणी जवळून पाहिली नाही त्यांना पटत नाही, म्हणून सांगतो. पंपाचं झाकण जुनं असलं की पाठीवर हळूहळू गळतं. फवारणाऱ्याला वाटतं घाम आहे. सदरा ओला होतो, कंबरेपर्यंत येतो, धोतराच्या किंवा पँटच्या काठात साठतो. तो सदरा काढायचा म्हणजे दुसरा सदरा हवा, आणि सरतं वावर संपवून जायचं असतं. नोझल कचऱ्यानं भरलं की काढून तोंडानं फुंकतात. डब्यात काडी घालून ढवळायचं, काडी सापडली नाही तर हात आहेच. त्याच हातानं खिशातला खर्रा काढायचा. घामेजलेली, तापलेली कातडी तर औषधाला लवकर वाट देते. संध्याकाळी घरी येतो तो डोकं दुखतं म्हणत, डोळ्यापुढं अंधारी, तोंडाला लाळ. बायको म्हणते ऊन लागलं, कांद्याचा रस चोळते. रात्री छाती घरघरायला लागली की मग दवाखाना.

आणि दवाखान्यात काय विचारतात? “काय पिला?”

इथे त्या ‘खातो किंवा पितो’चा खरा त्रास सुरू होतो. आमच्या बाजूच्या गावातला एक अडीच एकराचा शेतकरी. स्वतःचं झालं की दुसऱ्याकडे रोजानं फवारायला जायचा. त्याला मोठ्या गावच्या एका दवाखान्यात नेलं. रात्रपाळीचे डॉक्टर बाहेरच्या राज्यातले, मराठी कच्ची. त्यांनी बायकोला विचारलं, “दवा पी लिया क्या?” तिला ‘दवा’ तेवढं कळलं. ती म्हणाली, “हो जी, दवाचंच झालं.” केसपेपरवर इंग्रजीत उतरलं, ‘कंझम्प्शन ऑफ पॉयझन’. माणूस तिसऱ्या दिवशी गेला. पोलिसांच्या पंचनाम्यात फवारणी होती, पंप होता, गळका सदरा होता, शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष होती. दवाखान्याच्या कागदात मात्र तो प्यायलेला.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. अपघातांच्या यादीत सर्पदंश आणि विंचूदंश वेगळे लिहिलेले आहेत, आणि जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधाही वेगळी लिहिलेली आहे. आत्महत्या त्यात बसत नाही. आता सांगा, ‘प्यायला’ या एका शब्दानं ती फाइल कुठल्या रकान्यातून कुठल्या रकान्यात गेली? त्या बाईनं तालुक्याचे उंबरठे झिजवले. प्रत्येक टेबलावर तिला तेच विचारलं, की बाई, तुमच्या घरवाल्यानं पिलं ना, मग अपघात कसा? मी तिच्यासोबत एक-दोनदा गेलो होतो. एका साहेबाला मी म्हणालो, पॉयझन कातडीतूनही जातं. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, पण कागदात तसं लिहिलेलं नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी तिला पैसे मिळाले, पण तोवर पोरीचं शिक्षण बंद पडलं होतं आणि लोकांनी त्या घराबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं होतं. घरात भांडण होतं का, सावकार होता का, हे तिला चार माणसांत विचारण्यात आलं.

कायद्याला ही गोष्ट कधीची माहीत आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या २६ व्या कलमात राज्य सरकारला अधिकार दिला आहे की कीटकनाशक वापरताना किंवा हाताळताना झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचं बंधन घालता येईल. ‘वापरताना किंवा हाताळताना’, पिताना असं तिथं नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही दोघांचे क्रमांक वेगळे आहेत, कीटकनाशकाची बाधा टी-६० मध्ये आणि विषारी प्राण्याची टी-६३ मध्ये. सर्पदंशाचं तर आता बरंच पुढे गेलं आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राचा कृती आराखडा आला आणि नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगण्यात आलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. व्हेनमला त्याचं स्वतःचं रजिस्टर मिळतं आहे. फवारणीवाला अजून ‘पिलं का’ या प्रश्नावर अडकलेला आहे.

सदरकारांना आणि पत्रलेखकांना मला जे सांगायचं आहे ते हे. इंग्रजीनं दोन नामं वेगळी केली. आमच्या बोलीनं नाम एकच ठेवलं, पण क्रियापदं वेगळी केली, आणि ती इंग्रजीपेक्षा जास्त बारीक आहेत. साप डसला. म्हाताऱ्या बाया रात्री सापाचं नाव घेत नाहीत, त्या ‘पान लागलं’ म्हणतात, पण अर्थ तोच. औषध पिलं. औषध चढलं. जेवण बाधलं. चार क्रियापदं, चार वाटा. ‘फवारता फवारता औषध चढलं जी’ असं दारातच ओरडणाऱ्या माणसानं मला रोगाचं निदान करून दिलेलं असायचं. हे वाक्य केसपेपरवर येता येता ‘पॉयझनिंग’ होतं, आणि तिथून आपल्या बातमीदाराच्या वहीत येता येता ‘विष प्राशन’ होतं. आपल्याच अंकात मी अशा बातम्या वाचल्या आहेत, ज्यात मथळ्यात प्राशन आहे आणि खाली तिसऱ्या ओळीत फवारणी आहे. बातमीदार मंडळींना घाई असते हे मान्य. पण घरच्यांनी जे क्रियापद वापरलं ते जसंच्या तसं लिहायला वेळ लागत नाही, आणि कळलं नसेल तेव्हा नुसतं ‘विषबाधा’ लिहून थांबता येतं. एक कात्रण फाइलला जोडलं जातं हो साहेब. मी जोडलेलं पाहिलं आहे.

मुलांसाठी म्हणून आणखी थोडं, कारण सदर त्यांचं आहे. दोन्ही शब्द पाठ करताना दोन्हींचा उपचारही पाठ करावा, म्हणजे शब्द विसरणार नाहीत. औषध अंगावर सांडलं किंवा चढलं तर कपडे लगेच काढायचे आणि साबणानं, भरपूर पाण्यानं अंग धुवायचं, केस आणि नखंसुद्धा. धुणाऱ्यानं स्वतःच्या हाताला पिशवी बांधावी. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. सापाच्या दंशाला याच्या उलट. तिथं धुवायचं नाही, चोळायचं नाही, चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, आणि दोरीनं आवळून बांधायचं तर अजिबात नाही. अंगठ्या, जोडवी, बांगड्या, करगोटा उतरवायचा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही आणि निघायचं. आमच्याकडे अजून आधी मारोतीच्या पारावर नेतात. मारोतीला माझा विरोध नाही, रस्त्यातच आहे तो, नमस्कार करून पुढं व्हावं. तिथं बसलेला जाणता जे ‘उतरवतो’ ते बहुतेक धामणीचं किंवा दिवडाचं असतं, ज्यात मुळात काही चढलेलंच नसतं. कधी कधी नागसुद्धा विष न सोडता कोरडा चावा घेतो. मण्यार मात्र फसवी असते. जागलीला किंवा घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दाताची खूण दिसत नाही, सूज येत नाही, पहाटे नुसतं पोट दुखतं. त्या पोटदुखीला अपचन समजून सोडा पाजत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

सोबत काय न्यायचं यातही फरक आहे. औषधाचा डबा न्यायचाच, रिकामा असला तरी, कारण सगळ्याच औषधांवर अॅट्रोपीन चालत नाही. कोणतं पोटात किंवा अंगात गेलं ते डॉक्टरांना लेबलावरूनच कळतं. साप मात्र नेऊ नये. लोक मारून पिशवीत घालून आणतात. एकदा पिशवी टेबलावर ओतली आणि मेलेला म्हणून आणलेला साप डॉक्टरांच्या खुर्चीखाली गेला. त्या दिवशीची ओपीडी अंगणात झाली.

लेबलावरून शेवटचं. १९७१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर एक चौकोन कोनावर उभा केलेला असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर पॉयझन हा शब्द असतो, कवटी आणि हाडं फक्त लालवर. निळ्यावर डेंजर आणि हिरव्यावर कॉशन. हिरवा बघून सिग्नल मिळाला असं समजणारे शिकलेले लोकही मला भेटले आहेत. तो फक्त चौघांत कमी, एवढाच त्याचा अर्थ. आतल्या माहितीपत्रकाची घडी उलगडली तर त्यात सगळं असतं, हातमोजे, चष्मा, वाऱ्याच्या दिशेनं फवारणं, पण अक्षर एवढं बारीक की ते वाचायला भिंग लागावं. ते वाचायची वेळ सकाळी सातला वावरात येते, जिथं भिंग नसतं.

तेव्हा माझी विनंती अशी की, सदरकारांनी या जोडीची दुरुस्ती छापताना पॉयझनसमोर ‘तोंडातून, कातडीतून किंवा श्वासातून अंगात जाणारं विष’ असं लिहावं आणि व्हेनमसमोर ‘प्राण्यानं चावून किंवा नांगी मारून सोडलेलं विष’. त्याच पानावर त्या चार चौकोनांचं चित्र द्यावं, आणि ते जुलै संपायच्या आत द्यावं, फवारण्या सुरू होण्याआधी. कृषी केंद्रवाले पान कापून काउंटरवर चिकटवतील, मी दोघा-तिघांशी बोलून ठेवलं आहे. फक्त पान रंगीत असू द्यावं. काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल आणि हिरवा सारखेच दिसतात.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)